पोटगी देणाऱ्याला आयकरात सवलत मिळावी का?

वाटाड्या:
घटस्फोटानंतर कोर्टाच्या आदेशाप्रमाणे मी दरमहा ३० हजार पोटगी देतो. वर्षाचे ३ लाख ६० हजार झाले. आयकर खात्याच्या लेखी ते माझंच उत्पन्न. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट (करावर आणखी ४ टक्के) त्यावर १,१२,३२० रुपये कर जातो. पोटगीबद्दल माझी तक्रार नाही, ती द्यायलाच हवी. पण ज्या पैशावर कोर्टाने दुसऱ्याचा हक्क ठरवला, त्यावरचा कर मी का भरायचा? पोटगीची वजावट कायद्यात यायला हवी.

अबोली:
मी पोटगी घेणाऱ्या बाजूची. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात पत्नीसाठी नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली. निव्वळ म्हणजे कर कापून हातात येणारा. तुम्ही कर भरणार हे धरूनच आमची रक्कम ठरते. आता तो कर माफ झाला तर वाचलेले पैसे कोणाकडे राहणार? तुमच्याकडेच ना? संसारासाठी नोकरी सोडलेल्या बाईला त्यातून काय मिळालं?

हिशेबनीस:
हा वाद जुना आहे. सीतलदास तीर्थदास प्रकरणात बायको-मुलांच्या पोटगीचा कोर्टाचा हुकूमनामा होता, तरी नोव्हेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वजावट नाकारली. पैसा आधी तुमचं उत्पन्न म्हणून हातात येतो आणि मग तुम्ही त्यातून जबाबदारी भागवता, असं न्यायालयाचं म्हणणं. तो वाटेतच दुसरीकडे वळला असता तर गोष्ट वेगळी.

घेणाऱ्याचं काय, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८३ च्या निकालावरून ठरतं. एकरकमी पोटगी भांडवली, म्हणजे उत्पन्नात न धरली जाणारी रक्कम, म्हणून करमुक्त. दरमहाची मात्र करपात्र.

आता आकडे बघा. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे करात पूर्ण सूट आहे, त्यामुळे दुसरं उत्पन्न नसलेल्या बाईला ३.६ लाखांवर काहीच कर नाही. तिथे दुहेरी कराची ओरड टिकत नाही. पण तिचा पगार ११ लाख असेल तर? प्रमाणित वजावट जाऊन १०.२५ लाख, त्यात पोटगी मिळवली की १३.८५ लाख. रिबेट गेला, आणि आधी शून्य असलेला कर सेससकट ९१,२६० झाला. त्याच पैशावर वाटाड्यांनीही १,१२,३२० भरलेत. हा मात्र मला सरळ अन्याय वाटतो.

अबोली:
मग घेणाऱ्याचा कर माफ करा! अमेरिकेत २०१८ नंतरच्या घटस्फोटांना तोच नियम आहे: देणाऱ्याला वजावट नाही, घेणाऱ्यावर कर नाही. वजावटीत जास्त कमावणाऱ्याचा जास्त फायदा होतो, हे कोणी बोलत का नाही?

वाटाड्या:
अबोलीताई, जर्मनीत दुसरा मार्ग आहे. वर्षाला १३,८०५ युरोपर्यंत वजावट मिळते, पण घेणाऱ्याच्या संमतीनेच. तिच्यावर जो कर वाढतो तो देणाऱ्याने भरून द्यायचा. यात तिचं काय नुकसान?

शंकासूर:
संमती कागदावर सोपी दिसते. माझ्या बहिणीची पोटगी कित्येक महिने थकली होती, वसुलीसाठी पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या. "आधी सही कर, मग पैसे देतो" असं तिला कोणी म्हटलं असतं तर तिने केली असती, कारण घरभाडं थांबत नाही. वजावट द्यायचीच असेल तर फक्त बँकेतून खरोखर जमा झालेल्या रकमेवर, आणि थकबाकीदाराला एक पैसाही नको.

हिशेबनीस:
आणखी एक अडचण. नव्या प्रणालीत ८०सी (ठरावीक गुंतवणुकीवरची वजावट), घरभाडं भत्ता वगैरे बहुतेक वजावटी मिळतच नाहीत. एकट्या पोटगीसाठी दार उघडायला सरकार सहज तयार होणार नाही. घेणाऱ्याला करमाफी हा बदल त्यामानाने सोपा.

वाटाड्या:
थकबाकीदाराबद्दल शंकासूरांशी शंभर टक्के सहमत. घेणाऱ्याला करमाफी मिळाली तर आनंदच आहे, पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही.

अबोली:
कॅनडात जोडीदाराची पोटगी वजा होते, पण मे १९९७ पासूनच्या आदेशांमध्ये मुलांसाठी दिलेली नाही. मला ते पटतं. मुलांना सांभाळणं हे दोघांचं काम, एकत्र राहणारा बापही त्यासाठी सरकारकडे सूट मागत नाही. तुमच्या ३० हजारांत मुलांचा वाटा किती?

वाटाड्या:
मुलीचे १२ हजार. ते मी वजावटीत धरणार नाही, तुमचं बरोबर आहे. उरलेल्या १८ हजारांवर माझं म्हणणं कायम आहे.