टायर बदलण्याआधी खडूची रेघ मारून पाहा

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या जागेत शंकू मांडून आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर वेळ लावून मारायच्या फेऱ्या. पहिल्या ऑटोक्रॉसआधीच रोजच्या गाडीला चिकट, महागडे टायर घालावेत, हे या चर्चेत वर आलेलं मत मला पटत नाही. चाकांचे नट घट्ट, ब्रेक चांगले, डिकी रिकामी, एवढं पहिल्या दिवसाला पुरतं. साधा टायर पकड सुटायच्या आधी किंचाळतो, आणि नवशिक्याला तो आवाज फार शिकवतो.

टायरमधल्या हवेच्या दाबाबद्दल मात्र इथे कुणीच लिहिलं नाही. माझ्या पहिल्या फेरीआधी शेजारच्या चालकाने पुढच्या टायरवर खडूची रेघ मारायला लावली, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या कडेपासून खाली टायरच्या बाजूवर. फेरीनंतर पाहिलं तर रेघ बरीच खालपर्यंत पुसलेली. म्हणजे वळणात टायर कलंडून बाजूवर घासत होता. बऱ्याच टायरांच्या कडेला छोटा त्रिकोण कोरलेला असतो, साधारण तिथवरच ती पुसली जावी. मी पुढच्या टायरांत ३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा वाढवली. तोवर स्टिअरिंग फिरवूनही सरळ शंकूंकडे घसरणारी गाडी चक्क वळायला लागली! फेऱ्यांगणिक टायर तापून दाब आपोआप वाढतो, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर मोजा, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहा, आणि परतीच्या रस्त्याला लागण्याआधी दाब पूर्ववत करा.