युनियनच्या रेपला जाब विचारायचा कसा? काँट्रॅक्टची बोलणी चालू असताना

उजवी_सीट:
अमेरिकेत एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) आहे, युनियन एएलपीए, म्हणजे पायलटांची संघटना. काँट्रॅक्टची बोलणी चालू आहेत आणि परवा आमच्या बेसच्या (जिथून आमच्या ड्युट्या सुरू होतात ते विमानतळ) लोकल कौन्सिलची, म्हणजे तिथल्या युनियन शाखेची, मीटिंग झाली, एवढा मोठा बेस पण हॉलमध्ये मोजकीच माणसं, त्यातही बरेचसे कमिटीवालेच. रिझर्व्हच्या (ठरलेली फ्लाइट नसते, बोलावलं की जायचं, अशी ड्युटी) नियमांचं काय चाललंय विचारलं तर रेप, म्हणजे बेसने निवडलेले युनियनचे प्रतिनिधी, म्हणाले ते क्लोज्ड सेशनमधलं (बंद दाराआडच्या बैठकीतलं) आहे, सांगता येणार नाही. अरे पण दर महिन्याला पगारातून ड्यूज (युनियनची वर्गणी) जातात ना आमचे? क्रू रूममध्ये सगळे तावातावाने बोलतात, मीटिंगला कोणी फिरकत नाही. मी बोललो तर सिनियर म्हणतात आत्ता एकी दाखवायची वेळ आहे, मॅनेजमेंटला फूट दिसायला नको. त्यात तथ्य आहे हे मलाही कळतं, पण म्हणून गप्प बसायचं का? प्रत्यक्षात काय करता येतं?

जुना_रेप:
मी रेप होतो म्हणून सांगतो. आपण कुठपर्यंत खाली यायला तयार आहोत हे बाहेर फुटलं तर कंपनीला कळायला वेळ लागत नाही, तेवढं गुप्त राहायलाच हवं. पण त्या नावाखाली सगळंच झाकायचं हे चूक आहे. ओपन सेशनमधल्या ठरावावर रेपने मत कुठे दिलं आणि का दिलं, हे त्याने बेसला सांगितलंच पाहिजे.

दुसरं म्हणजे एमईसी (एअरलाइनमधल्या सगळ्या बेसच्या रेपची मिळून युनियन कमिटी) चेअरमनला तू निवडत नाहीस, तू बेसचा रेप निवडतोस आणि सगळ्या बेसचे रेप मिळून चेअरमन निवडतात, त्यामुळे चेअरमनवर चिडून उपयोग नाही, तुझा दोर रेपच्या हातात आहे. मीटिंगमध्ये ठराव मांड. 'शेड्युलिंग सुधारा' असला ठराव नको, त्याला काहीही उत्तर देता येतं. असं लिही: शॉर्ट कॉल रिझर्व्हला (थोड्या वेळात हजर व्हायचं रिझर्व्ह) किमान किती तासांची नोटीस हवी ही मागणी आपल्या ओपनरमध्ये (बोलणी सुरू करताना दिलेल्या मागण्यांच्या यादीत) आहे का, पुढच्या मीटिंगच्या आत लेखी कळवावं. आणि अगदीच नाही जमलं तर रेपला रिकॉल करता येतं, म्हणजे मुदतीआधी पदावरून काढता येतं, पण ते शेवटचं हत्यार.

हिशेब_तपासा:
कायदा पण बघ. १९५९ चा लँड्रम-ग्रिफिन ॲक्ट, त्यात लोकलच्या ऑफिसर्सची निवडणूक किमान दर ३ वर्षांनी गुप्त मतदानानेच घ्यावी लागते, राष्ट्रीय पातळीवर दर ५ वर्षांनी. वर्षाला अडीच लाख डॉलर किंवा जास्त जमा असलेल्या युनियनला एलएम-२ रिपोर्ट (वर्षाचा आर्थिक अहवाल) लेबर डिपार्टमेंटकडे भरावा लागतो, आर्थिक वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत. तो डिपार्टमेंटच्या साइटवर कोणालाही वाचता येतो. शेड्यूल ११ उघड, ऑफिसर्सना दिलेले पैसे नावानिशी असतात. पैसे कुठे जातात देव जाणे म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो उघडलाय विचार एकदा.

रिझर्व्ह_लाइन:
ठराव ठीक आहे हो, पण मीटिंगला यायचं कसं? आम्ही रिझर्व्हवर, त्यात कम्युट करतो, म्हणजे राहतो दुसऱ्या शहरात आणि ड्युटीसाठी बेसला येतो. सुट्टीच्या दिवशी परत बेसला यायचं म्हणजे घरचा दिवस गेला, याला उदासीनता म्हणू नका. ऑनलाइन हजेरी आणि ऑनलाइन मत हवं, हीच पहिली मागणी असली पाहिजे.

आणि खरी ताकद रॅटिफिकेशनच्या मतात आहे, म्हणजे झालेला करार मंजूर करायचा की नाही यावर सभासद देतात त्या मतात. डेल्टाच्या पायलटांनी २०१५ मध्ये टेंटेटिव्ह ॲग्रीमेंट (युनियन आणि कंपनीत ठरलेला तात्पुरता करार) ६५ टक्के मतांनी फेटाळलं, पुढचं २०१६ च्या शेवटी ८२ टक्क्यांनी मंजूर केलं. फक्त 'नाही' म्हणायची किंमत वेळात मोजावी लागते, कारण रेल्वे लेबर ॲक्टखाली (हा कायदा एअरलाइन्सनाही लागू आहे) काँट्रॅक्ट संपत नाही, चालूच राहतं, आणि संपासाठी आधी मेडिएशन बोर्डाने (मध्यस्थी करणारं सरकारी मंडळ) मोकळं करायला लागतं मग वर ३० दिवस थांबायचं. म्हणून नको असलेलं कलम आधीच अडवलेलं बरं. कोर्टावर तर विसंबूच नका, १९९१ च्या ओ'नील केसमध्ये काँटिनेंटलचे पायलट एएलपीएविरुद्ध हरले, कोर्टाने सांगितलं युनियनचा निर्णय वाजवीपणाच्या फारच बाहेर, अगदी अतार्किक असेल तरच तो मनमानी ठरतो.

उजवी_सीट:
ऑनलाइनचा मुद्दा एकदम बरोबर, तोही टाकतो. पण क्रू रूममधले जे ठरावावर सही करायला घाबरतात त्यांचं काय?

जुना_रेप:
सही मागूच नकोस. मजकूर दाखव, कुठलं वाक्य बदलू ते विचार. ज्याने एक वाक्य बदललं तो मीटिंगला येतो, हा माझा अनुभव आहे. आणि मांडायच्या आधी तुझ्या एफओ रेपला (फर्स्ट ऑफिसर्सच्या रेपला) पाठव, त्याला तयारीला वेळ दे, भर मीटिंगमध्ये त्याला कोंडीत पकडलंस तर तो फक्त बचाव करेल.