मदत हवी आहे: डिझेल गाडीत पेट्रोल गेलंय

मंडळी, आज सकाळी फोंड्याहून पणजीला येताना माझ्या डिझेल गाडीत चक्क पेट्रोल भरलं गेलं, अर्धी चूक माझीच, फोनवर बोलत होतो, नोझलकडे बघितलंच नाही. टाकीत आधी १० लिटरभर डिझेल, वर हे १५ लिटर पेट्रोल. पावती वाचेपर्यंत दोनेक किलोमीटर आलो होतो, इंजिन टकटक वाजायला लागलं म्हणून बाणस्तारी पुलाच्या अलीकडे बंद केली ती परत चावीला हातच लावला नाही, टो करून गॅरेजला आणली.

आमचा मेस्त्री म्हणतो टाकी रिकामी करून डिझेल फिल्टर बदलला की झालं. शेजारचे काका तर म्हणतात वरून डिझेल भर नी चालव (नको रे बाबा). पण गाडीतल्या इंधनाच्या पंपाला डिझेलच वंगण देतं ना, पेट्रोलमुळे हाय प्रेशर पंप घासून धातूचा कीस इंजेक्टरात (इंजिनात इंधन फवारतात ते) जातो म्हणे, गाडी कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच हाय प्रेशर नळीतून डिझेल) आहे म्हणून जास्त धास्ती. जुना फिल्टर कापून कीस दिसतो का बघायला सांगू? की इंजेक्टर काढून टेस्ट करायलाच लावू? इन्शुरन्सवाले असलं काही देतात का? कोणाचं झालं असेल तर खर्च किती आला तेही सांगा, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय, माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतो ती फळा-भाज्यांची सजावट) सामान काय स्कूटरवरून आणू?