भूल देताना वायू किती सोडायचा, हा डॉक्टरांचाच प्रश्न

शुभ्रकमळ

भूलतज्ज्ञ म्हणून काम करायला लागून वीस वर्षं झाली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं, मशीनच्या मागच्या नळीतून जाणाऱ्या वायूचं पुढे काय होतं हे मला कुणी विचारलं नाही, आणि मलाही ते कधी सुचलं नाही. डेस्फ्लुरेन हा भुलीचा वायू रुग्णाच्या शरीरात जवळजवळ खर्चच होत नाही. श्वासाबरोबर जसा आत जातो तसाच बाहेर येतो आणि नळीतून थेट आकाशात. 100 वर्षांचा हिशेब धरला तर 1 किलो डेस्फ्लुरेन साधारण 2,500 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी हवा तापवतो. सेव्होफ्लुरेन या दुसऱ्या भुलीच्या वायूचा हाच आकडा 100 ते 200 किलोच्या घरात आहे, आणि बहुतेक शस्त्रक्रियांना तो पुरतो.

मी डेस्फ्लुरेन सोडला. मिनिटाला 4-5 लिटर ताजा वायू सोडायची सवय होती, ती अर्ध्या-एक लिटरवर आणली. रुग्ण पूर्वीसारखेच झोपतात, पूर्वीसारखेच जागे होतात. स्कॉटलंडने 2023 मध्ये डेस्फ्लुरेनचा नेहमीचा वापर थांबवला, आणि युरोपीय संघात 1 जानेवारी 2026 पासून अगदी वैद्यकीय गरज असेल तरच तो वापरता येतो.

2019 च्या एका जागतिक अहवालानुसार हवा तापवणाऱ्या वायूंच्या जगातल्या एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा 4.4 टक्के आहे. हा एक देश मानला तर उत्सर्जनात जगात पाचवा लागेल. दम्याचे, उष्माघाताचे रुग्ण तपासायचे आपण आणि त्यांच्या आजारात भर घालायचीही आपणच, हे मला सहन होत नाही. म्हणून म्हणते, उत्सर्जन कमी करण्याचं हे काम आपल्या रोजच्या कामातच धरायला हवं. तुमचं काय मत आहे?

कातरवेळ

शुभ्रकमळ, तुमची तळमळ पोचली, पण मी सहमत नाही. मी जनरल फिजिशियन आहे. एका रुग्णाला सात-आठ मिनिटं मिळतात. त्यात रक्तदाब बघायचा, औषधं समजावायची, रडणाऱ्या माणसाला धीर द्यायचा. आता पृथ्वीही माझ्याच टेबलावर?

दुसरं, ज्याला धाप लागली आहे त्याला ‘तुमच्या दम्याच्या पंपामुळे हवामान बिघडतं’ असं सांगणं मला क्रूर वाटतं. तो पंप अपराधी मनाने ओढेल, किंवा ओढणारच नाही.

तिसरं, उत्सर्जनाचा मोठा भाग औषधं आणि उपकरणं बनवणाऱ्या साखळीत आहे, साधारण 70 टक्के. तिथे माझा हात पोचत नाही. आणि वायू टाळून शिरेतून भूल द्यायची म्हटलं तर सिरिंज, नळ्या असं प्लास्टिक वाढतं. शिरेतून द्यायचं भुलीचं औषध, प्रोपोफॉल, उरलेलं सांडपाण्यात गेलं तर पाण्यातल्या जिवांना अपायकारक. एका दारातून घालवलेली गोष्ट दुसऱ्या दारातून आत येते.

रातपाळी

मी नर्स आहे, वॉर्डातलं सांगते. एका ठिकाणी नोकरीला असताना जेवणाचा ट्रे उचलायलाही हातमोजे घालायचे, बेडवरची चादर नीट करायलाही. ‘घातलेले बरे’ एवढंच कारण. त्यात झालं काय, तर हातमोजे आहेत म्हणून हात धुणं मागे पडलं, आणि त्याच मोज्यांनी या बेडवरून त्या बेडवर जाणं सुरू. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाने 2018 मध्ये ‘मोजे काढा’ अशी मोहीमच घेतली. रक्त, स्राव, काही विशिष्ट औषधं असतील तिथे मोजे. बाकी ठिकाणी हात धुणं. वर्षभरात 21 टन मोजे वाचले.

कातरवेळ, यात रुग्णाला एक शब्दही सांगावा लागला नाही. संसर्ग टाळायचं आमचं मूळ काम नीट झालं, कचरा आपोआप कमी झाला. कचऱ्याचं म्हणाल तर रुग्णालयातला सुमारे 85 टक्के कचरा साधाच असतो. पण घाईत सगळं एकाच पिशवीत पडतं, मग तेही संसर्गजन्य म्हणून जाळलं जातं. भट्टी नीट तापलेली नसेल तर त्या प्लास्टिकमधून डायॉक्सिन ही विषारी रसायनं बाहेर पडतात. पिशवी कुठली हे ठरवायला दोन सेकंद लागतात. ती दोन सेकंदं मिळावीत म्हणून पिशव्या बेडच्या जवळ टांगायला हव्यात. ते मात्र आमच्या हातात नसतं, मागावं लागतं.

पिंपळपार

डॉक्टर नाही, दम्याचा रुग्ण आहे. कातरवेळ यांनी माझ्या वतीने काळजी केली, त्याबद्दल आभार. पण मला सांगितलं असतं तर आवडलं असतं. मी कित्येक वर्षं निळा पंप, म्हणजे धाप लागली की लगेच आराम देणारा, दिवसातून चार-पाच वेळा ओढायचो. तो ओढण्याची माझी पद्धतच चुकीची होती, हे खूप उशिरा एका नर्सने दाखवलं.

शुभ्रकमळ

पिंपळपार, तुम्ही नेमकं दुखणं सांगितलंत. दाबून फवारा येणाऱ्या पंपात औषध बाहेर ढकलायला वायू लागतो. पूर्वी ओझोनला छिद्र पाडणारा सीएफसी होता. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू गेला आणि एचएफए वायू आले. त्यातला नेहमीचा वायूसुद्धा कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. कोरड्या पावडरीच्या पंपात वायूच नसतो. पण लहान मुलांना, किंवा दम्याचा जोरात झटका आलेल्या माणसाला पावडर पुरेशी ओढता येत नाही; तिथे स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) आणि फवाराच हवा. त्यावर तडजोड नको, कातरवेळ, इथे मी तुमच्याच बाजूने आहे.

मात्र दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासूनच सांगितलंय की मोठ्यांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सोबत सूज कमी करणारं औषध हवं. दमा आटोक्यात आला की निळा पंप कमी लागतो. म्हणजे हवामान हा शब्द न काढताही काम होतं.

प्रोपोफॉलचा मुद्दा खरा आहे. म्हणून मी सिरिंजमध्ये गरजेपुरतंच ओढते आणि उरलेलं बेसिनमध्ये टाकत नाही, जाळण्याच्या कचऱ्यात जातं. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या आणखी एका वायूचं तर याहून वाईट. हवेत शंभरहून जास्त वर्षं टिकतो, आणि मध्यवर्ती पाइपलाइनमधून बहुतेक गळूनच जातो. स्कॉटलंडमधल्या काही रुग्णालयांत मोजणी केली तेव्हा विकत घेतलेला बराचसा नायट्रस रुग्णापर्यंत पोचतच नव्हता. पाइपलाइन बंद करून मशीनला लहान सिलिंडर लावला की प्रश्न मिटतो. ही गळती कुठल्या रुग्णाच्या उपयोगाची होती?

खळाळ

मी सार्वजनिक आरोग्यात काम करतो. तुम्ही सगळे ऑपरेशन थिएटर आणि वॉर्डातच अडकलात, माझा त्यालाच आक्षेप आहे. नळ्या, मोजे, पंप ठीक. पण वायुप्रदूषणाने वर्षाला सुमारे 70 लाख माणसं जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो धूर थिएटरमधून निघत नाही. कोळसा आणि वाहनांबद्दल डॉक्टर गप्प राहिले तर वाचवलेले 21 टन मोजे कुणाला दिसणार?

‘डॉक्टरांनी राजकारणात पडू नये’ असं म्हणणारे भेटतात. 1848 मध्ये विरखोव हा जर्मन डॉक्टर तेव्हाच्या प्रशियातल्या वरच्या सायलेशियात टायफसची साथ बघायला गेला आणि उपाय म्हणून शिक्षण, स्वराज्य, रस्ते लिहून परतला. 1980 मध्ये अमेरिकी आणि सोव्हिएत डॉक्टरांनी अणुयुद्धाविरुद्ध संघटना उभारली, 1985 मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. त्यांनाही ओपीडी होतीच.

कातरवेळ

खळाळ, भाषण करणारा डॉक्टर आणि तपासणारा डॉक्टर एकच असला की रुग्णाचा विश्वास हलतो, ही माझी भीती अजून तशीच आहे. 2021 मध्ये दोनशेहून जास्त वैद्यकीय नियतकालिकांनी हवामानबदलावर एकाच वेळी संपादकीय छापलं. माझ्या खुर्चीत बसून त्याने काय बदललं, मला सांगता येत नाही.

पण रातपाळी आणि पिंपळपार यांचं लिहिणं दोनदा वाचलं. एक कबूल करतो. उन्हाळा तापायला लागला की लघवी वाढवणारी औषधं, लिथियम आणि मानसिक आजारांवरच्या इतर काही गोळ्या घेणाऱ्यांना जास्त धोका असतो, हे मला माहीत आहे. तरी ऊन वाढण्याआधी ती यादी काढून त्यांना पाणी, सावली, डोस याबद्दल मी कधी बोलावून सांगितलं नाही. हे माझंच काम होतं. यादी या आठवड्यात काढतो. निळा पंप महिन्याला एकाहून जास्त लागणारे किती, तेही बघतो.

रातपाळी

कातरवेळ, यादी काढलीत की फोन करायचं काम नर्सकडे द्या. पंप ओढून दाखवायलाही आम्हाला पाच मिनिटं मिळतात. तुमच्या सात मिनिटांना हात लागणार नाही.