इंजिनिअरिंगची मुलं दुसऱ्या वर्षानंतरच का गळतात?

शिक्षक_अकरावी_बारावी: पहिल्या वर्षी तग धरलेली मुलं दुसरं संपल्यावर कॉलेज सोडतात. असं का होतं? पालकांना वेळेत काय सांगावं?

गणित_एम३: खरी चाळणी तिसऱ्या वर्षाच्या दारात लागते. एटीकेटीवर (काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जाण्याची सवलत) पहिल्यातून दुसऱ्यात जाता येतं, पण तिसऱ्याला बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात. एम-१ (गणिताचा पहिला पेपर) किंवा मेकॅनिक्स, एक जरी अडकला तरी वायडी, म्हणजे इयर डाउन, वर्ष वाया. मुलं चालू विषयांच्या मागे धावतात आणि जुना ‘पुढच्या वेळी काढू’ म्हणत राहतो. क्रम उलटा हवा: आधी पहिल्या वर्षाचा बॅकलॉग, म्हणजे राहिलेले विषय. दोन-चार गुणांनी गेला असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत लगेच मागवा, पुनर्मूल्यांकनाची मुदत मोजक्या दिवसांची असते.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्याला येणाऱ्यांनी एम-१, एम-२ केलेलंच नसतं आणि समोर गणितात लाप्लास ट्रान्सफॉर्म येतं. त्यांनी प्रवेशफेऱ्या चालू असतानाच इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन पक्कं करावं. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

शिष्यवृत्ती_खिडकी: वायडीच्या वर्षी शिष्यवृत्ती थांबते, वसतिगृहातली जागाही सहसा जाते. मुलगा एमआयडीसीत लागतो, घराला पगाराची सवय होते, मग परतणं अवघड. म्हणून चालू वर्षाचे पैसे तरी अडकू देऊ नका. महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) दरवर्षी नूतनीकरण करावंच लागतं. बँकेत आधार क्रमांक दिला म्हणजे झालं, असं नाही. डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे, सीडिंग लागतं: आधार कोणत्या खात्याशी जोडलाय त्याची नोंद. खाती दोन असतील तर शेवटी सीड केलेल्या खात्यात पैसे जातात आणि मुलगा भलतंच पासबुक तपासत बसतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे: पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये. हे फार जणांना उशिरा कळतं.

शिक्षक_अकरावी_बारावी: आणि बीए, बीएस्सीवाले?

क्रेडिट_नोंद: तिथे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वाट आहे. पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट आणि उन्हाळ्यातला ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स पूर्ण केला तर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं. ३ वर्षांत परत यायचं, ७ वर्षांत पदवी संपवायची. सोडण्याआधी एबीसी खात्यात (क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं) क्रेडिट चढलेत का, ते स्वतः पाहा. आणि मूळ गुणपत्रिका कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) तसा नियम आहे.