गावाकडचा पाऊस, वसतिगृहातले पेपर, कंपनीतल्या पाळ्या: घरच्या ग्रुपवर निरोप नेमका कसा टाकायचा?

औशाचा_मळा विचारतात:

मंडळी, आई-बाबा औसा तालुक्यात, मोठा भाऊ चाकणला कंपनीत, मी नांदेडला आणि धाकटी बहीण संभाजीनगरला वसतिगृहात. ग्रुपवर रोज निरोप येतात: "रात्री चांगला पाऊस झाला", "पेपर बरा गेला", "या महिन्यात सुट्टी अवघड आहे". पण त्यावरून ठरत काहीच नाही. भावानं पेरणीसाठी रजा कोणत्या तारखेची टाकावी, बहिणीला आणायला कधी जावं, हे विचारायला पुन्हा चार फोन करावेच लागतात. पेपरातला पावसाचा आकडा आणि बाबांचा अंदाजही जुळत नाही. पाऊस घरच्या घरी मोजायची खात्रीची रीत कोणती? आणि निरोपात काय काय असावं?

---

काळी_रेगड:

आधी पाऊस. अंगणातली बादली बघून सांगितलेला पाऊस हमखास फुगतो. बादलीचं तोंड रुंद आणि बूड अरुंद, त्यामुळे पाण्याची खोली खऱ्या पावसापेक्षा जास्त दिसते. भांडं तोंडापासून बुडापर्यंत सारख्या रुंदीचं हवं.

२ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, मात्र मधे कंबर असलेली नको. वरचा निमुळता भाग खांद्यापाशी कापा आणि झाकण काढून उलटा आत बसवा. चाडं, म्हणजे नरसाळं तयार झालं. यानं पाणी उडून बाहेर जात नाही आणि बाष्पीभवनही कमी होतं. बाटलीचं बूड वेडंवाकडं असतं, म्हणून तळाला खडे टाका आणि भिंती सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरा. ती शून्याची रेघ. खडे या रेघेच्या खालीच राहिले पाहिजेत. रेघेपासून वर मिलिमीटरची पट्टी पारदर्शक चिकटपट्टीनं लावा.

जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब. २० फुटांचा लिंब असेल तर ४० फूट. तोंड जमिनीपासून साधारण एक फूट वर ठेवा, त्याहून खाली ठेवलं तर चिखलाचे शिंतोडे आत जातात. पत्र्याच्या पागोळीखाली आणि गच्चीच्या कठड्याजवळ ठेवू नका. बाटली खुंटीला घट्ट बांधा, जूनचं वारं तिला आडवी करतं.

वाचायची वेळ रोज सकाळी ८:३०. हवामान खात्याचं मोजमाप याच वेळेला होतं आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस वाचण्याच्या तारखेला लिहिला जातो. तुमचं पेपराशी न जुळण्याचं एक कारण हेच असेल: सोमवारी संध्याकाळी पडलेला पाऊस खात्याच्या हिशेबात मंगळवारचा असतो. दुसरं कारण, पेपरातला आकडा महसूल मंडळाचा किंवा तालुक्याच्या सरासरीचा असतो. मृगातला गडगडाटी पाऊस एका शिवारात ४० मिमी आणि शेजारच्या शिवारात कोरडा, असाही पडतो.

वाचून झालं की पाणी शून्याच्या रेघेवर आणा. पाऊस नसेल त्या दिवशीही रेघ बघा, नाहीतर उन्हानं पाणी उडतं आणि पुढचा ३-४ मिमीचा पाऊस पट्टीवर दिसतच नाही.

बादलीच वापरायची असेल तर खोली मोजू नका, पाणी मापा. तोंडाची त्रिज्या १५ सेंमी असेल तर क्षेत्रफळ ३.१४ × १५ × १५, म्हणजे साधारण ७०७ चौरस सेंमी. पाणी ३.५ लिटर निघालं तर ३५०० ला ७०७ नं भागा: ४.९५ सेंमी, म्हणजे ५० मिमीला आलं.

विजा चमकत असताना कुणाला "जरा बघून ये" म्हणू नका. आकडा सकाळी मिळतोच.

---

वाफसा_बघून:

वरच्या उत्तरात भर. नुसत्या मिमीवर भावाची रजा ठरणार नाही. २० मिमी अर्ध्या तासात पडला तर बराचसा ओढ्याला जातो, तोच रात्रभर झड लागून पडला तर मुरतो. म्हणून आकड्याबरोबर पाऊस किती वेळ चालला तेही लिहा. शिवाय १ जूनपासूनची बेरीज हवी. सोयाबीनसाठी कृषी विभाग आणि परभणीचं कृषी विद्यापीठ ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच पेरा म्हणतात, ते या बेरजेवरून कळतं. ५० वर पेरलं आणि पुढं उघडीप लागली की दुबार पेरणी ठरलेली.

मग वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल. चार बोटं खालची माती मुठीत दाबा आणि गोळा कंबरेच्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. चपटा होऊन चिकटला तर ओल जास्त. गोळाच झाला नाही तर कोरडं. चिकट काळ्या रानात पेरणीयंत्र घातलं तर फणाला माती धरते, बी कुठं उघडं पडतं तर कुठं ५ सेंमीच्या खाली जातं आणि उगवण विरळ होते. मुरमाड रान एका दिवसात वाफशावर येतं, भारी काळ्या रानाला चांगल्या पावसानंतर तीन-चार दिवसांची उघडीप लागते. रजा पाऊस पडला त्या दिवसाची टाकायची नसते, या वाफशाच्या दिवसाची टाकायची असते!

अंदाज पुढं पाठवताना त्यावरची जारी केल्याची तारीख आणि वेळ बघा. मागच्या आठवड्याचा ऑरेंज अलर्ट आज फिरत असतो. "तुरळक ठिकाणी" याचा अर्थ जिल्ह्यातल्या फार तर चौथाई ठिकाणी, ते आपल्याच गावाला लावून घेऊ नका. "बहुतांश ठिकाणी" असेल तर मात्र ७५ टक्क्यांच्या वर. विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तेवढे दोन पाठवले तरी पुरे, रोजच्या दहा फॉरवर्डची गरज नाही.

---

वसतिगृह_खोली_१२:

अभ्यास आणि नोकरीचं थोडक्यात सांगते. "पेपर बरा गेला" यावर घरच्यांना काही करता येत नाही. पुढचा पेपर कधी, शेवटचा कधी, खोली कोणत्या तारखेला रिकामी करायची, फी भरायची शेवटची तारीख आणि घरून कोणता कागद लागणार, हे लिहावं. उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत छापलेली असते. ती तारीख आत्ताच ग्रुपवर टाका, प्रवेशाच्या आठवड्यात सेतू केंद्रावर रांग असते.

कागद फोटो म्हणून पाठवू नका. व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं आणि अर्जात शिक्का वाचता येत नाही. पीडीएफ करून "डॉक्युमेंट" मधून पाठवा. फाइलला नाव द्या, "उत्पन्न दाखला, बाबा" असं. नंतर शोधायला तेच कामी येतं.

दादांनी महिन्याच्या सुरुवातीला पाळ्यांचं वेळापत्रक टाकावं आणि ते ३० दिवसांसाठी पिन करावं. एका वेळी तीनच निरोप पिन होतात, म्हणून एक पाळ्यांचा, एक परीक्षेच्या तारखांचा आणि तिसरा पावसाच्या बेरजेचा. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी त्यांना फोन नको, निरोप ठेवावा. आणि ग्रुपवर आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर बंद करा, नाहीतर हंगामाची नोंदच उरणार नाही.

---

बालाघाटावरून:

ज्यांची माणसं ऊसतोडीला जातात त्यांच्यासाठी लिहितो. आपल्याकडं बीड-धाराशिवात अशी घरं फार आहेत, दिवाळीच्या आसपास आई-बाप कारखान्यावर आणि लेकरं आजीजवळ. तिथं वरचं सगळं चालत नाही. पहाटेच उसाच्या फडात जावं लागतं, गाडी भरायची वेळ ठरलेली नसते आणि कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, चार्जिंगचे वांधे.

साध्या बटणाच्या फोनवर एसएमएस जातो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं बसतात, रोमनमध्ये १६०. मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात, आणि ७० च्या वर गेलं की दोन एसएमएसचे पैसे. हा नमुना ५६ मध्ये बसतो:

"गाव ८ वा. पाऊस २२ मिमी. वाफसा नाही. आजी बरी. पोरं शाळेत."

ज्यांना वाचता येत नाही त्यांना आवाजी निरोप पाठवा, ३० सेकंदांच्या आत, एका निरोपात एकच विषय. आधी तारीख बोला, कारण रेंज आल्यावर चार दिवसांचे निरोप एकदम पडतात आणि कुठला कधीचा ते कळत नाही. आजीची तब्येत सगळ्यात आधी, पाऊस नंतर. लांब असलेल्या आईला "पोरगी शाळेत गेली" एवढं रोज कळणं फार मोठं असतं, ते कधी गाळू नका.

---

औशाचा_मळा:

सगळ्यांचे आभार. बाबांकडं स्टीलचा सरळ भिंतीचा डबा आहे, तो चालेल का? आणि रोजचा निरोप असा ठरवतोय, बघा:

"१४ जून, सकाळी ८:३०. पाऊस १८ मिमी, रात्री दोन तास संथ. १ जूनपासून ६३. रेगड चिकट, मुरमाड वाफशावर."

---

काळी_रेगड:

डबा चालेल. बूड सपाट असेल तर शून्याच्या रेघेची गरज नाही, पट्टी बुडापर्यंत उभी घालून वाचा. पट्टीचा शून्य तिच्या टोकापासूनच सुरू होतो ना ते बघा. बहुतेक पट्ट्यांना आधी ४-५ मिमी कोरी जागा असते, ती घासून काढा, नाहीतर रोजचा पाऊस तेवढ्यानं कमी भरेल. ६३ च्या बेरजेवर भावाला रजा टाकायला सांगू नका, अजून एक पाऊस येऊ द्या.