झोताच्या वाऱ्यात सेसना 172 चं नाक आधी का टेकतं?

धावपट्टी_27
सोलो (एकट्याने उडणाऱ्या) विद्यार्थ्यांच्या अपघातांत तोच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो: झोताचा वारा, बाउन्स (टेकून उसळी), आणखी मोठा बाउन्स, मग नोजगिअर (नाकाखालचं चाक आणि त्याचा आधार) मोडून प्रॉपेलर जमिनीला. समजा छोटं विमान सेसना 172 एस आहे, धावपट्टी 27 (दिशा 270 अंश), वारा 230 अंशांवरून 14 नॉट, झोत 24. विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचे 15 नॉट दिलेत. हे त्यात बसतं ना? मग चूक होते कुठे?

वातकुक्कुट
नाही बसत. कोन 40 अंश, साइन 0.64. 14 धरले तर आडवा घटक 9 येतो, 24 धरले तर 15.4. हिशेब झोतावरच करायचा. आणि ते 15 प्रमाणनाच्या वेळी करून दाखवलेले आहेत. सोलो विद्यार्थ्याची मर्यादा इन्स्ट्रक्टर ठरवतो, ती याहून बरीच कमी हवी. या वाऱ्यात सोलो सोडूच नये.

आता चूक. फुल फ्लॅप्सला (पंखामागच्या पट्ट्या पूर्ण खाली असताना) अप्रोचचा, म्हणजे उतरायला येतानाचा, वेग 60 ते 70 नॉट. झोताचा फरक 10, त्याचा अर्धा वाढवायचा, म्हणजे 65 चे 70. भीतीपोटी 80 ने आलात तर फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) विमान टेकायलाच तयार नसतं, तरंगत राहतं. त्यात झोत आला की पाच-सहा फूट वर उचललं जातं, समोरची धावपट्टी नाकाआड जाते आणि हात आपोआप योक (हातातलं सुकाणू) पुढे ढकलतो, म्हणजे नाक खाली. तेवढ्यात झोत ओसरतो. नाकाचं चाक आधी आपटतं, नाक उसळतं, पंखांचा हवेशी कोन वाढतो, पुढची उडी आणखी उंच. झोत फक्त सुरुवात करून देतो. नोजगिअर मोडतो तो पुढे ढकललेला योक.

थोडंच उचललं गेलं तर नाक आहे तिथेच धरा, किंचित पॉवर द्या, पुन्हा फ्लेअर. नाकावर आपटून उसळलं तर दुसऱ्या बाउन्सची वाट न बघता गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं): फुल थ्रॉटल (पूर्ण पॉवर), त्याच क्षणी उजवा रडर (उजवं पेडल), फ्लॅप्स 20 अंशांवर, वेग 60 नॉट. लँडिंगसाठी लावलेल्या ट्रिममुळे (योकवरचा जोर हलका करणारी जुळणी) नाक जोरात वर येईल, ते मात्र दाबून धरावंच लागतं. फ्लॅप्स एकदम शून्यावर नेलेत तर विमान खाली बसेल.

इथे वारा डावीकडून आहे. वाराही नाक डावीकडे वळवतो आणि फुल पॉवरही. उजवा पाय आळसावला की विमान थेट गवतात.

धावपट्टी_27
मग फुल फ्लॅप्स घ्यावेत का?

वातकुक्कुट
जोराच्या आडव्या वाऱ्यात धावपट्टीच्या लांबीला पुरतील तेवढेच कमीत कमी. डावं चाक आधी टेकवा आणि टेकल्यावरही एलरॉन (योक वळवून) डावीकडे वाढवत न्या, सोडू नका.

हँगरवाला
प्रॉपचं टोक जरासं जरी वाकलं तरी कानशीने घासून भागत नाही. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन 533 प्रमाणे इंजिन उघडावं लागतं. क्रँकशाफ्ट गिअरचा बोल्ट बदलायचा, डॉवेल (गिअर जागेवर धरणारी पिन) तपासायची.

प्रॉप शाबूत असला तरी नाकावर आपटलेलं विमान तसंच पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) देऊ नका. नोजगिअर फायरवॉलला (इंजिनामागची भिंत) बसवलेला असतो. रडर पेडलांच्या मागे टॉर्च धरून खालच्या पत्र्याला सुरकुत्या पडल्यात का, रिव्हेट ढिले झालेत का ते बघा.


नोज स्ट्रटमध्ये (नोजगिअरचा धक्का शोषणारा भाग) 45 पीएसआय दाबाची हवा आहे ना, तेही बघा. स्ट्रट खाली बसलेला असेल तर प्रॉप आधीच जमिनीच्या जवळ आलेला असतो.